दुसरा भाग आहे, पहिल्याचं विचारू नका

खून झालेला, बाहेर पाऊस, गुप्तहेर कर्जात बुडालेला आणि संशयितांत एक यंत्रमानव. असल्या विज्ञान-रहस्य मालिकांचं व्यसन पुण्यात राहून पोसायचं म्हणजे विकतचं दुखणं. खुनी शेवटी सापडतो, पहिला भाग सापडत नाही.

अप्पा बळवंत चौकात नाव सांगितलं की "सिलॅबसला आहे का?" एवढंच कानावर येतं. उरतात पदपथावरचे ढीग आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. तिथे दुसरा भाग हमखास. माझा आपला हिशोब असा, की पहिला आवडलेला माणूस तो सोडत नाही आणि दुसऱ्यात पोळलेला तो रद्दीत टाकतो. रिचर्ड मॉर्गनची मालिकाच घ्या: २००२चा पहिला भाग अस्सल गुप्तहेरी, २००३चा दुसरा चक्क युद्धकादंबरी! शिवाय त्या कथेत माणसाची जाणीव मानेत बसवलेल्या यंत्रात साठवलेली असते, शरीरं बदलतात. तेव्हा नायकाच्या वर्णनावर भरवसा ठेवायचीही सोय नाही.

"पहिला नाही का हो काका?"

"दुसरा घ्या की. मागचं सगळं येतंच त्यात."

येतं ना, तिथेच तर घात होतो. आयझॅक आसिमोव्ह यांच्या बेली या गुप्तहेराच्या मालिकेत कोडं उभं राहतं ते यंत्रमानवाने माणसाला इजा करायची नाही या नियमावर. नियम आधी, खून नंतर. नाहीतर गुप्तहेर ऐनवेळी खिशातून कुठलंही यंत्र काढून मोकळा होईल. म्हणून १९५४, १९५७, १९८३ हा क्रम मोडायचा नाही. १९८५चा चौथा भाग तर आधी उघडूच नका. त्यात गुप्तहेर वारून दीडशेच्या वर वर्षं झालेली आहेत.

आता घासाघीस करण्याआधीची तपासणी. जुन्या पेपरबॅकच्या कण्यातला गोंद वर्षानुवर्षांत कडक होतो. पुस्तक सपाट उघडलं की तडकतो आणि कडेची पानं आधी सुटतात. म्हणजे जाणार कोणतं, तर नेमकं खुन्याचं पान! ते आहे का पाहावं, तर नजर नावावर पडते. त्यावर उपाय म्हणजे पुस्तक उलटं धरायचं, शेवटची वीसेक पानं अंगठ्याने सोडायची आणि फक्त आकडे मोजायचे. मधली पानंही चाळा, पण डोळे बारीक करून. एखादा सत्पुरुष पासष्टाव्या पानावर संशयिताच्या नावाला पेन्सिलीने गोल करून "हाच!" लिहून गेलेला असतो. असलं पुस्तक फुकट मिळालं तरी नको.

घरी आणल्यावर थेट कपाटात नाही. पावसाळ्यातला कुबट वास येत असेल तर सावलीत, पंख्याखाली, पानं फाकवून उभं ठेवा. उन्हात कागद पिवळा पडतो. कसर दिसली तर हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर हवेतलं पाणी गार कागदावर धरतं आणि बुरशीला आयतं आमंत्रण. पुस्तक खोलीइतकं कोमट होऊ द्या, मग उघडा.

आणि पिशवी पारदर्शक असेल तर मागचं कव्हर खालच्या बाजूला राहील असं ठेवा. मटार काढायला गेलेलं माणूस तिथला मजकूर वाचतं आणि जेवताना, पोळी वाढता वाढता, निकाल सांगून टाकतं.