चिमूटभर हळद

गेल्या महिन्यात शेजारच्या म्हातारबाईंच्या अंत्यविधीला गेले होते. इकडे इंग्लंडात माणूस गेल्यावर अंत्यविधीला दोन-तीन आठवडे सहज लागतात. दारातच एक छापील पुस्तिका हातात दिली. फोटोखाली लिहिलं होतं, एकनिष्ठ पत्नी, माता आणि आजी. मला आमच्या आज्जीची सांगलीच्या पेपरात आलेली चार ओळींची निधनवार्ता आठवली : पश्चात मुलं, सुना, मुलगी, नातवंडं, परतवंडं असा परिवार. म्हणजे बाईची ओळख इथूनतिथून एकच. फक्त इकडे मग लेक उभी राहिली आणि आई गाडी किती वाईट चालवायची ते सांगून तिनं सगळ्यांना हसवलं.

आज्जीबद्दल मला कुणी उभं केलं असतं, तर मी हळदीपासून सुरुवात केली असती. मिरज तालुक्यातलं आमचं कृष्णाकाठचं गाव. फेब्रुवारी-मार्चात हळद निघाली की काहिलीत शिजवायची, मग दहा-पंधरा दिवस उन्हात पसरायची. शिजली की नाही हे आज्जी काडी टोचून सांगायची, आणि आजोबासुद्धा तिच्या शब्दापुढं जायचे नाहीत. अवकाळीचं आभाळ दिसलं की रात्री उठून ताडपत्री घालणारीही तीच. पाडव्यापर्यंत तिची नखं पिवळी असायची. माल सांगलीला सौद्याला गेला की अडत्याची हिशेबपट्टी मात्र आजोबांच्या नावानं.

आजोबा गेले 2022च्या पावसाळ्यात. त्याच वर्षी 4 मे रोजी शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं विधवांच्या प्रथा बंद करायचा ठराव केला होता. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं, सगळं बंद. राज्य सरकारनंही त्याच महिन्यात बाकीच्या गावांना तसंच करायला सांगितलं. तेव्हा घरच्या ग्रुपवर सर्वात जास्त टाळ्या माझ्या होत्या. थोरल्या काकांनी एवढंच लिहिलं, "तुला तिकडं बसून बोलायला काय जातंय?" मला राग आला होता.

दहाव्याला भावकीतल्या बायका बांगड्या उतरवायला बसल्या, तेव्हा आज्जीनं हात पदराखाली घेतले. "दोन राहू द्यात गं. शेंगा सोलताना हात मोकळं वाटतात," म्हणाली. ठरावाबद्दल तिला कुणी सांगितलं होतं की नाही, देव जाणे. दोन राहिल्या.

पण संक्रांतीला आमच्या सोप्यात हळदीकुंकू झालं, तेव्हा ती आत चुलीपाशी तीळ भाजत बसली. बाहेर बोलवायचं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि तिच्याही आलं नसावं. आयुष्यभर पोत्यांनी हळद शिजवली त्या बाईच्या कपाळाला चिमूटभर लावायची नाही! हेरवाडचा ठराव मला आजही मोलाचा वाटतो, पण तो हात धरतो तो काढून घेणाऱ्याचा. वाटीत बोट बुडवून पुढं व्हायचं, ते घरातल्याच कुणीतरी व्हायला हवं.

शेजारच्या बाईंच्या बोटात नवऱ्याची अंगठी शेवटपर्यंत होती. इकडं कुणी काही काढून घेत नाही. पण कुणी येऊन काही देतही नाही. दिवसातून दोनदा केअरर यायची, तेवढीच दाराची बेल. आज्जीला उभ्या जन्मात एकटं जेवावं लागलं नाही. यातलं बरं कुठलं, हे मला अजून ठरवता येत नाही. दिवाळी अंकातली परदेशस्थ मंडळी ते दोन परिच्छेदांत ठरवून टाकतात, त्यांचं मला नवल वाटतं.

आज्जी गेली तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर होते. सवाष्ण गेली असती तर मळवट भरून नेली असती. तिला नुसती अंघोळ घालून नवं लुगडं नेसवलं. काकू माझ्याकडं पाठ करून उभी होती, मागं फळीवर हळदीचा डबा दिसत होता. काकू, थोडी लाव की, एवढंच म्हणायचं होतं. सोपा माणसांनी भरलेला, काका समोर. मी म्यूटवर होते. तशीच राहिले.