ब्लॅकमोर गेला म्हणून डीप पर्पल डुप्लिकेट होत नाही

भाच्याच्या कॉलेज बँडच्या ग्रुपवर गेले काही दिवस एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं म्हणणं: गिलन (गायक), ब्लॅकमोर (गिटार), ग्लोव्हर (बास), लॉर्ड (ऑर्गन) आणि पेस (ड्रम) हेच डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचे मूळ पाच. ब्लॅकमोर गेल्यावर उरला तो नावावर जगणारा डुप्लिकेट बँड, आणि १९९५ साली मुंबईत वाजला तोही डुप्लिकेटच. ऑर्गन म्हणजे नुसता भरणा. ब्लॅकमोरनंतर आलेला गिटारवादक मोर्स, त्याला २०२२ मध्ये हाकललं.

‘मूळ पाच’ म्हणणाऱ्यांनी बँडचं १९६८ चं ‘हश’ हे गाणं काढून ऐकावं. गायक रॉड इव्हान्स, बासवर निक सिंपर. गिलन आणि ग्लोव्हर आले १९६९ मध्ये. ‘इन रॉक’ आणि ‘मशीन हेड’ हे गाजलेले अल्बम या बदलानंतरचे आहेत.

आता मुंबई. एप्रिल १९९५ च्या त्या शोचं रेकॉर्डिंग ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाने निघालेलं आहे, ऐकायला दोन तास काढा. स्टेजवर गिलन, ग्लोव्हर, लॉर्ड, पेस. म्हणजे ‘मशीन हेड’च्या पाचांपैकी चौघं, आणि गिटारवर नवा आलेला स्टीव्ह मोर्स. त्या रात्री ‘केन द मेकॅनिक’ नावाचं गाणं वाजलं. तेच पुढे ‘टेड द मेकॅनिक’ होऊन १९९६ च्या ‘पर्पेंडिक्युलर’ अल्बमवर पहिलं आलं. अल्बम निघायच्या कितीतरी महिने आधी आपल्या मुंबईने ते ऐकलं होतं. डुप्लिकेट बँड जुनी गाणी वाजवतो, अर्धवट घडलेलं नवं गाणं परक्या शहरात लोकांपुढे ठेवत नाही.

खरा डुप्लिकेट होऊन गेलाय, १९८० साली. बँड १९७६ मध्येच फुटला होता. इव्हान्सला पुढे करून भलत्याच वादकांनी डीप पर्पलच्या नावाने शो लावले. प्रकरण कोर्टात गेलं आणि ६,७२,००० डॉलरची भरपाई बसली. त्या टोळीत एक संस्थापक होता, इव्हान्स. आजच्या बँडमध्येही संस्थापक एकच, पेस. नुसती डोकी मोजलीत तर दोन्ही सारखेच ठरतात, म्हणून ती कसोटीच चुकीची. पेस एकाही लाइनअपमधून बाहेर पडलेला नाही, गिलन आणि ग्लोव्हर आपणच लिहिलेली गाणी वाजवतायत, आणि २०२४ मध्ये नवा गिटारवादक सायमन मॅकब्राइडला घेऊन नवा अल्बमही आलाय.

मान्य करायचं तर एवढंच: ब्लॅकमोरच्या तोडीचे रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे छोटे तुकडे) नंतर झाले नाहीत. शोचा कणा अजूनही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गाणीच आहेत.

मोर्सला कोणी हाकललं नाही. बायकोच्या आजारपणामुळे तो स्वतः थांबला. असलं काही पुढे ढकलण्याआधी लाज वाटायला हवी.

पण सगळ्यात जास्त नुकसान ऑर्गनच्या मुद्द्याने केलंय, कारण तो वाचून भाच्याच्या बँडमधल्या पोरांनी कीबोर्डवाल्याला घरी बसवलंय. लॉर्ड हॅमंड ऑर्गनचा (विजेवर चालणारा ऑर्गन) आवाज मार्शल या गिटारच्या अँपमधून काढायचा, म्हणून तो गिटारसारखा गुरगुरतो. ‘स्मोक ऑन द वॉटर’चा रिफ घ्या. गिटारच्या डी आणि जी तारा एकत्र, आकडे म्हणजे फ्रेटचे (पडद्यांचे) क्रमांक, ० म्हणजे मोकळी तार: ०-३-५, ०-३-६-५, ०-३-५-३-०. पिक बाजूला ठेवा आणि दोन्ही तारा दोन बोटांनी एकदम खेचा. पॉवर कॉर्डने (मूळ सूर खाली, पाचवा वर) वाजवलात तर मुख्य सूर तळाला जातो आणि धार बोथट होते. ऑर्गनलाही हेच दोन सूर द्या. कीबोर्डवर ड्रॉबार (सुरांचं मिश्रण ठरवणाऱ्या सरकत्या दांड्या) असलेला ऑर्गनचा आवाज निवडा, पहिले तीन ड्रॉबार पूर्ण बाहेर, बाकीचे आत, वर ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट). तीन सुरांचा पूर्ण कॉर्ड दाबू नका, डिस्टॉर्शनमध्ये त्याचा चिखल होतो. डावा हात फार खाली नेलात तर बास बुडेल.

कीबोर्डवाल्याला पुढच्याच सरावाला बोलवा. ‘मशीन हेड’वरचं ‘लेझी’ हे गाणं सुरूच ऑर्गनवर होतं.