बांधावरची शेवरी

आज सकाळी धारा काढून केंद्रावर दूध घातले आणि घरी आले, तोवर आमच्या आणि चुलत पुतण्याच्या रानामधल्या सामाईक बांधावरची, जनावरांना पाला देणाऱ्या शेवरीच्या झाडांची सगळी रांग जेसीबीने आडवी झालेली होती. चौदा झाडे होती. बांध निम्मा केला की उसाची आणखी एक सरी बसते, एवढेच कारण. मी तिथे जाऊन उभी राहिले तर तो हसून म्हणाला, "काकू, पाल्याचं काय एवढं घेऊन बसलाय? उसाच्या शेंड्यांचं वाढं फुकट मिळतंय, पेंडीचं पोतं दारात येऊन पडतंय. आता कोण विळा घेऊन बांधानं हिंडतंय?" मला तिथल्या तिथे काही बोलता आले नाही. आता गोठ्यातले आवरून बसल्यावर सगळे सुचते आहे, आणि ते त्याला सांगण्याऐवजी तुम्हांला सांगते आहे, कारण तो फेसबुकवर बैलगाडी शर्यतींखेरीज काही पाहत नाही.

आमचा भाग मिरज तालुक्याच्या पूर्वेचा. बेडग, आरग, नरवाड या गावांची नावे घेतली की जुन्या माणसांना खायची पाने आठवतात. पानमळा करायचा म्हणजे आधी शेवरी लावायची, सोबत कुठे हादगा, कुठे शेवगा, कुठे पांगारा, आणि मग त्यांच्या आधाराने वेल चढवायचा. वेलीला ऊन हवे तेवढेच मिळावे म्हणून त्या झाडांचे शेंडे आणि फांद्या सारख्या छाटाव्या लागत आणि तो पाला थेट गोठ्यात येई. आमच्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, उभ्या आयुष्यात जनावरांसाठी पाला असा वेगळा पिकवला नाही. पानाच्या पैशावर घर चालले आणि छाटणीच्या पाल्यावर दोन म्हशी. पुढे म्हैसाळ योजनेचे पाणी आले, ऊस आला, मजूर मिळेनासे झाले, आणि 2010 साली आम्ही पानमळा मोडला. आम्ही म्हणजे मी आणि हे. आत्याबाईंना विचारले होते, पण उत्तर ऐकायला थांबलो नव्हतो.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट सांगायची आहे, कारण आज दिवसभर तीच डोळ्यांसमोर आहे. चांदी नावाची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय आम्ही हौसेने आणली होती. कारखाने सुरू झाले होते, ऊसतोड जोरात होती आणि वाढ्यांना पैसे पडत नव्हते, म्हणून तिच्या पुढ्यात गाभणपणाचे शेवटचे दोन महिने सकाळ-संध्याकाळ नुसते वाढेच पडत होते. व्यायली त्याच्या दुसऱ्या रात्री ती उठेना. कान गार, मान पोटाकडे वळवलेली, डोळे तारवटलेले. रात्री अकराला डॉक्टर आले, त्यांनी शिरेतून कॅल्शियम सोडले आणि तासाभरात गाय उभी राहिली. हात धुता धुता त्यांनी एकच प्रश्न विचारला, "किती दिवस नुसतं वाढं घालताय?" दारात कंदील घेऊन आत्याबाई उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

वाढ्यांत ऑक्झलेट असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते, हे मला नंतर कळले. म्हणून वाढे घालायचेच असेल तर कुट्टी करून, वर चुन्याची निवळी शिंपडून आणि दुसऱ्या चाऱ्यात मिसळून घालावे, हेही नंतरच कळले. एकट्या वाढ्यानेच गाय बसली असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. जास्त दुधाची गाय व्याल्यावर अशी बसू शकते, खनिज मिश्रण आम्ही घालत नव्हतो, चुका अनेक होत्या. परंतु ज्या गोठ्यात कालपरवापर्यंत शेवरीचा पाला पडत होता, तिथे एका हंगामात दुसरे काहीच उरले नाही, हे तर खरेच होते ना?

आता त्या पोत्याविषयी. गोळी पेंडीच्या पोत्यावर प्रथिने वीस ते बावीस टक्के असे छापलेले असते. शेवरी, हादगा, सुबाभूळ यांच्या पाल्यातही, सुका हिशेब धरला तर, साधारण तेवढीच किंवा थोडी जास्तच प्रथिने असतात. हिरव्या पाल्यात पाणी पुष्कळ, म्हणून पाच किलो हिरवा पाला म्हणजे प्रथिनांच्या मापाने एक किलो पेंड असे ढोबळ गणित मी करते. ते एक किलो मला बांधावरून मिळते आणि माझ्या पुतण्याला पोत्यातून विकत घ्यावे लागते. तो पोत्याला किती देतो ते मला ठाऊक आहे, आणि दुधाला किती मिळते तेही ठाऊक आहे, कारण आम्ही दोघे एकाच केंद्रावर रांगेत उभे असतो आणि फॅट साडेतीनच्या खाली गेली की दोघांच्याही चिठ्ठीत कपात होते. 2024 साली सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे आधी पाच आणि मग सात रुपये अनुदान दिले, तेव्हा सगळ्यांनी सरकारकडे पाहिले, आणि गोठ्यातून पेंडीच्या दुकानाकडे किती जातात ते कुणी मोजले नाही. दोन-तीन गायींच्या माणसाचे दुधाचे पैसे दहा दिवसांनी येतात आणि त्यातले निम्म्याहून अधिक पेंडवाल्याच्या वहीत आधीच लिहिलेले असतात. हा धंदा आपण कुणासाठी करतो आहोत, असा प्रश्न एखाद्याला रागाने विचारावासा वाटला तर त्यात चूक काय?

पेंड बंदच करा, असे मी म्हणत नाही. पंधरा लिटरची गाय नुसत्या पाल्यावर टिकत नाही, तिला दाण्याची ताकद लागते, हे मान्य. सुबाभळीने एकदा आमच्याच एका कालवडीच्या शेपटीचे केस गेले होते, कारण तिच्यात मिमोसीन नावाचे विषारी द्रव्य असते आणि मी हावरटासारखी तीच घालत राहिले होते. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर ती जाऊ द्यायची नाही, हा धडा त्या कालवडीने दिला. कोवळ्या ज्वारीची किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते, ओला लुसलुशीत पाला उपाशीपोटी भरपूर घातला तर पोट फुगते, आणि कुठलाही नवा चारा एकदम सुरू केला तर जनावराच्या पोटाला तो मानवत नाही. म्हणून मी पाला तोडून दोन-तीन तास सावलीत सुकवते, कडब्याच्या कुट्टीत मिसळते, आणि धार काढून झाल्यावर घालते, म्हणजे दुधाला वास लागत नाही. हे काही मोठे शास्त्र नाही. आमच्या भागातल्या कुठल्याही म्हातारीला हे ठाऊक होते, फक्त तिला कुणी कधी भाषणाला बोलावले नाही.

भाषणावरून आठवले. मागे गावात अझोल्याचे, म्हणजे पाण्यावर वाढवायच्या हिरव्या चाऱ्याचे, शिबिर झाले. प्लास्टिक अंथरले, खड्ड्यात पाणी भरले, फोटो निघाले, फेटे बांधले गेले. अझोला वाईट नाही, ज्यांना जमतो त्यांनी जरूर करावा, पण आमच्याकडच्या एप्रिलच्या उन्हात तो रोज राखत बसणे ज्या बाईच्या अंगावर पडते तिला त्या दिवशी कुणी विचारले नाही. आणि ज्या बांधावरून त्या पाहुण्यांची गाडी धुरळा उडवत गेली, त्याच बांधावर ही शेवरी उभी होती. एकानेही मान वळवून पाहिले नाही. भुईमुगाचा पाला, हरभऱ्याचे भुसकट, तुरीची टरफले हेही तसेच. पेटवून देतात! राखेच्या ढिगाशेजारी पेंडीचे पोते उतरवून घेताना माणसाला जराही चुकल्यासारखे वाटू नये, याचा मला खरोखर संताप येतो.

लिहिता लिहिता एक मात्र कबूल केले पाहिजे. पुतण्या म्हणाला, "कोण विळा घेऊन हिंडतंय," आणि त्यात त्याचे फारसे चुकले नाही. हिंडायची ती त्याची आई, आणि तिचे गुडघे गेले. आता त्याची बायको शाळेच्या पोषण आहारावर स्वयंपाकाला जाते आणि येऊन गोठा पाहते. पाला फुकट असतो असे आपण म्हणतो, तेव्हा तो तोडणाऱ्या बाईची दोन तासांची कंबर हिशेबात धरत नाही. मीही धरली नव्हती. पानमळा मोडताना मी तरी दुसरे काय म्हटले होते? हेच म्हटले होते, की आता कोण छाटत बसणार!

आणि म्हणून ती चांदीची रात्र आज पुन्हा आठवते. दुसऱ्या दिवशी उजाडताच सत्तरीच्या आत्याबाई पदरात काहीतरी घेऊन रानाकडे निघाल्या. पानमळ्यातले शेवरीचे बी त्यांनी एका तुपाच्या डब्यात जपून ठेवले होते, ते त्यांनी बांधाच्या कडेने हातहातभर अंतरावर टोकले. माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. शेवरी फार वर्षे जगत नाही, चार-पाच वर्षांत खोड पोखरते, पण शेंगा तडकून बी खाली पडते आणि पावसात नवी रोपे येतात. त्यामुळे आज आडवी झालेली झाडे त्यांनी टोकलेल्यांची तिसरी नाही तर चौथी पिढी असावी. त्या 2019 साली गेल्या. त्या गेल्या त्या दिवशीही मी त्याच रांगेतून पाला आणला होता, कारण घरात माणसे जमली तरी जनावर उपाशी ठेवता येत नाही.

दुपारी राग थोडा उतरल्यावर मी पुन्हा बांधावर गेले. फांद्या तशाच पडल्या होत्या. काही शेंगा वाळून करड्या झाल्या होत्या, त्या बोटांनी मोडून बी काढले, तर मूठभरच भरले. संध्याकाळी पुतण्याने ट्रॉलीतून दोन भारे आमच्या गोठ्यापुढे आणून टाकले आणि काही न बोलता निघून गेला. गायींनी पाला आधी संपवला आणि पेंड नंतर चाटली.

त्याची गाय पुढच्या महिन्यात व्यायची आहे, आणि तिच्या पुढ्यात सध्या काय पडते ते मला माझ्या दारातून दिसते. उद्या धारा झाल्या की त्याच्याकडे जाऊन चुन्याची निवळी कशी करायची ते त्याच्या बायकोला दाखवून येणार आहे. बी रात्रभर पाण्यात भिजत घातले आहे. आता ते कुठल्या बांधाला टोकायचे, तेवढे ठरायचे आहे.