ओंक्याचं मशीन आणि मामाचं लाईटबिल

सांगलीत पैसा वाढवायचे मार्ग पहिल्यापासून ठरलेले आहेत. हळद घेऊन ठेवायची आणि भावाची वाट बघायची. बेदाणा कोल्ड स्टोअरेजला टाकायचा आणि भावाची वाट बघायची. गुंठा-दोन गुंठे जागा घ्यायची, कुंपण घालायचं आणि परत भावाचीच वाट बघायची. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे; दुसऱ्यांच्या वाट बघण्याचा हिशोब ठेवण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळं २०२४ च्या पाडव्याला पुण्याहून भाचा ओंक्या एक खोकं घेऊन उतरला आणि "मामा, हे नुसतं चालू ठेवायचं, बसल्या जागी पैसे," म्हणाला, तेव्हा मी विचारलं, "आणि भावाची वाट?"

"ती तर बघायचीच."

म्हणजे धंदा ओळखीचा निघाला.

खोक्यातून निघालं ते हातभर लांब, चार-साडेचार किलोचं ॲल्युमिनियमचं धूड. दोन्ही तोंडांना एकेक पंखा, पोटात तीन पाट्या. बिटकॉइन या डिजिटल नाण्याचं मायनिंग, म्हणजे खोदकाम, करणारं एसिक मशीन; त्या एकाच कामासाठी बनवलेलं. २०१६ साली बाजारात आलेलं मॉडेल, ओंक्यानं कुणाकडून तरी जुनं घेतलेलं. पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमधून मालकानं मशीन आणि ओंक्या यांपैकी एकालाच ठेवून घेईन असं सांगितलं होतं. आमचं गावभागातलं घर स्वतःचं, वरची खोली रिकामी, मीटर माझ्या नावावर. ताईचा फोन आधीच येऊन गेला होता, "राहू दे रे महिनाभर. पोराचं मन मोडू नकोस." थोरल्या बहिणीनं असं म्हटल्यावर धाकट्या भावाला जे मत उरतं, तेवढंच मला उरलं.

बटण दाबलं आणि वरच्या खोलीत जे सुरू झालं त्याला आवाज म्हणणं म्हणजे महापुराला ओल म्हणण्यासारखं आहे. खालच्या मजल्यावर टीव्हीवरचे बातमीदार मुके झाले. (याचं मला विशेष दुःख झालं नाही.) दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वहिनी डबा घेऊनच दारात. "घरघंटी घेतली म्हनं, भावजी. सांगायचं न्हाई व्हय? म्हटलं, एवढा शाळू दळून आणावा." त्यांना काय सांगणार? आत पीठ पडत नाही, आकडे पडतात?

"करतंय काय हे नक्की?" मी ओंक्याला विचारलं. त्यानं सांगितलं आणि मला कळलं ते असं. बिटकॉइनचे जगभरातले व्यवहार साधारण दर दहा मिनिटांनी एका ब्लॉकमध्ये बांधले जातात. तो ब्लॉक बिटकॉइनच्या हिशोबाच्या वहीला जोडण्याचा मान कुणाचा, यासाठी जगातली सगळी मशीनं एक आकडा शोधत बसतात. त्याला युक्ती नाही, रीत नाही. नुसते अंदाज ठोकायचे. एसएचए-२५६ नावाच्या सूत्रातून काढलेलं उत्तर ठरलेल्या मर्यादेच्या खाली आलं की जिंकलात. आमचं मशीन सेकंदाला तेरा-साडेतेरा लाख कोटी अंदाज ठोकायचं.

"त्यातले बरोबर किती आले?"

"अजून एकही नाही."

मटक्याचा नाद असलेली पुष्कळ माणसं पाहिली, पण इतक्या वेगानं चुकणारं कुणी पाहिलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात जगभरच्या मशीनांची मिळून ताकद, ओंक्याच्या भाषेत हॅशरेट, सहाशे एक्साहॅशच्या आसपास होती. एक टेराहॅश म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी अंदाज, एक एक्साहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश, आणि आमच्याकडं टेराहॅश साडेतेरा. मी पाठकोऱ्या कागदावर भागाकार मांडला. एकट्याच्या जिवावर एक ब्लॉक लागायला सरासरी आठशेच्यावर वर्षं. म्हणजे पन्हाळा बांधणाऱ्या शिलाहार भोजराजानं गडाच्या पायाभरणीलाच हे मशीन चालू करून ठेवलं असतं, तर त्याचा नंबर आत्ता कुठं लागायच्या बेताला आला असता. तोवरचं लाईटबिल भरताना गडाची तटबंदी अर्धीच राहिली असती ती वेगळी. म्हणून मग सगळे 'पूल'मध्ये, म्हणजे मशीनवाल्यांच्या सामाईक गटात, सामील होतात. ब्लॉक कुणालाही लागो, ज्याच्या त्याच्या अंदाजांच्या प्रमाणात वाटणी.

वाटणीही कशाची, तेही बघा. २००९ साली ब्लॉकमागं पन्नास बिटकॉइन मिळायचे. दर दोन लाख दहा हजार ब्लॉकनंतर, म्हणजे सुमारे चार वर्षांनी, ते निम्मे होतात; याला हाल्विंग म्हणतात. आम्ही पाडव्याच्या मुहूर्तावर मशीन लावलं, आणि २० एप्रिलला पहाटे, आम्ही साखरझोपेत असताना (साखरझोप म्हणजे मशीनखाली लागेल तेवढी), बक्षीस ६.२५ वरून ३.१२५ वर आलं. साडेतीन मुहूर्तांपैकी एक पुरता धरून सुरू केलेल्या धंद्याचं उत्पन्न चैत्र संपायच्या आत निम्मं. ओंक्याला हे आधीच माहीत होतं. "पण हाल्विंगनंतर भाव वाढतो, मामा."

परत भाव.

आमच्या वाट्याला तेव्हापासून दिवसाला साधारण हजार साटोशी यायला लागले. एका बिटकॉइनचे दहा कोटी साटोशी होतात. बिटकॉइन तेव्हा पन्नास लाखांच्या पुढं-मागं होता. म्हणजे हजार साटोशीचे झाले पन्नासेक रुपये. पण ओंक्यानं ताईला फोनवर उत्साहात सांगितलं, "आई, दिवसाला हजार निघतायत!" साटोशी हा शब्द बहुधा मशीनच्या आवाजात बुडाला. ताईनं ते मिरजेच्या जाऊबाईंना सांगितलं, जाऊबाईंनी तासगावला, आणि आठवड्यात सगळ्या भावकीत झालं की दादाच्या माडीवर दिवसाला हजार रुपये पडतात. यात्रेच्या वर्गणीत माझ्या नावापुढचा आकडा परस्पर वाढला. धाकट्या साडूंनी बऱ्याच वर्षांनी प्रकृतीची चौकशी केली, आणि चौकशीच्या शेवटी त्यांना ट्रॅक्टरच्या हप्त्याची आठवण झाली.

आणि मग लाईटबिल आलं.

मशीन साडेतेराशे वॅटचं. चोवीस तास म्हणजे रोज बत्तीस युनिटं, महिन्याला हजाराच्या घरात. आमचं एरवीचं घर सव्वाशे युनिटांत भागतं. वीजबिलाचे टप्पे ज्यांना पाठ नाहीत ती माणसं सुखी आहेत: पहिली शंभर, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, मग पाचशेच्या पुढं. पाचशेच्या पुढं युनिट तेव्हा पंधरा रुपयांच्याही वर जायचं. आमचं मशीन निम्म्याहून जास्त जेवण त्या शेवटच्या पंगतीत जेवायचं. एरवीचं हजार-अकराशे रुपयांचं बिल पंधरा हजारांच्या पुढं गेलं होतं. बायकोनं बिल हातात धरलं, नाव वाचलं, ग्राहक क्रमांक वाचला, आणि म्हणाली, "अहो, हे शेजारच्या इंजिनिअरिंग वर्कशॉपचं दिसतंय. देऊन या जावा."

शनिवारी ओंक्या आला. मी अडतीवरची वहीच घरी आणली होती. डावीकडं वीज, रोजचे पाचशेच्या वर. उजवीकडं उत्पन्न, रोजचे पन्नास. मशीनच्या किमतीचा मी उल्लेखही केला नाही; भाचा आहे, किती ओरबाडायचं?

"मामा, आज तोटा दिसतोय. पण हे साटोशी साठवायचे. उद्या बिटकॉइन दसपट झाला की?"

"दसपट झाला तर बिल आणि उत्पन्न कसंबसं बरोबरीला येतं. पण मला एक सांग. अडतीवर पाचशे रुपयाला तीन किलो हळद समोर पडलेली असताना, तू पाचशेचा डिझेलपंप चालवून रानातनं तीनशे ग्रॅम हळद काढणार, आणि म्हणणार भाव वाढेल. अरे, भाव वाढणारच आहे तर ते तीन किलो घे की! रोज पाचशेची वीज जाळून पन्नासचं नाणं काढतोयस. पाचशेचं नाणंच विकत का घेत नाहीस?"

ओंक्या बराच वेळ वहीकडं बघत बसला. मग म्हणाला, "पण मामा, त्यात मायनिंगची मजा नाही."

याला उत्तर नाही. आमच्या यार्डातही लोक मजेसाठी घालवतात आणि त्याला धंदा म्हणतात.

जगात हा धंदा कुणाला परवडतो, तेही त्यानंच सांगितलं. ज्यांना वीज आमच्या शेवटच्या टप्प्याच्या पाव किमतीत मिळते आणि ज्यांच्याकडं ताज्या दमाची हजारो मशीनं आहेत, त्यांना. भूतानचं सरकार स्वतःच्या जलविद्युतवर करतं. "आपल्या शेजारी कोयना आहे की, मामा! १९६० मेगावॅट!" आहे ना. पण कोयना शेजारी आहे म्हणून सांगलीच्या घरमीटरवर वीज स्वस्त लागत नाही. दर दोनेक आठवड्यांनी, नेमकं सांगायचं तर २०१६ ब्लॉकनंतर, जगातली एकूण ताकद बघून कोडं कमी-जास्त अवघड केलं जातं. तिकडं टेक्सासात कुणी नवीन गोदाम भरून मशीनं लावली की इकडं गावभागातल्या वरच्या खोलीतले साटोशी कमी होतात. त्या गोदामाला आमचा पत्ता नाही, पण आमच्या उत्पन्नात त्याचा हात आहे.

कराचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. दिवाणजीच्या आयुष्यात आनंदाचे क्षण थोडेच. १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर, वर उपकर. विकताना १ टक्का टीडीएस. वजावट फक्त खरेदीच्या किमतीची, आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्यात धरता येणार नाही, असं सरकारनं त्याच वर्षी संसदेत सांगून टाकलं. इथला तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजाही होत नाही. "म्हणजे," मी पेन टेकवत म्हटलं, "पाचशे घालवून पन्नास कमवायचे, आणि त्या पन्नासवर पंधरा रुपये नफ्याचा कर भरायचा." हे वाक्य मी पुन्हा एकदा म्हणून घेतलं.

ओंक्या मग सोलरवर आला. छतावर तीन किलोवॅट, केंद्राची ७८ हजारांपर्यंत सबसिडी, वीज फुकट. पण तीन किलोवॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला बारा-तेरा युनिटं देणार, आणि याचं पोट बत्तीसचं. शिवाय ती बारा युनिटं याला न घालता मीटरमधून उलटी सोडली तर बिलातून वजा होतात. मग ती फुकट कशी? बायकोनं मात्र सोलरचा मुद्दा लक्षात ठेवला. हल्ली दर रविवारी तो नाश्त्याबरोबर वाढला जातो.

मशीन बंद झालं. गल्लीत कोण किती घोरतं हे लोकांना पुन्हा कळायला लागलं. पण ओंक्यानं ते नेलं नाही. "राहू दे तिथंच, भाव वाढला की बघू." जुलैत पाऊस धरला. सांगलीचा माणूस त्या दिवसांत एकच आकडा बघतो, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. अशा एका रात्री ओंक्याचा फोन. "मामा, पाणी किती?" पोराला काळजी आहे म्हणून मला भरून आलं. "वाढतंय. सामान माडीवर घेतोय," म्हटलं. "मशीन वरच आहे ना पण?"

मी भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं मशीन उचलून वजन अजमावलं, पंखा बोटानं फिरवला आणि रोख भाव सांगितला. त्याला जगातल्या मशीनांच्या ताकदीशी देणंघेणं नव्हतं. सौदा ठरणार एवढ्यात बायको मधे पडली. आठ दिवस सूर्य नव्हता. घरात दोऱ्यांवर ओले कपडे, त्यांना तो विशिष्ट कुबट वास. आणि तिला आठवत होतं की उन्हाळ्यात या मशीनच्या मागच्या तोंडातून कसली भट्टी निघायची. भंगारवाला चहा पिऊन परत गेला.

त्यानंतर एका दुपारी पुण्याहून मेसेज आला. ओंक्याच्या मोबाईलवर पूलचं ॲप अजून होतंच. "मामा!! हॅशरेट आला! तासभर झाला, मशीन चालू दिसतंय! विचार बदलला का?"

मी लिहिलं, "नाही रे. चादरी होत्या."