कोयता गॅसवर लाल करू नका

‘अस्सल पाट्याचा कोयता ओळखायच्या खुणा’ (पाटा म्हणजे गाडीच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी) हा मेसेज फिरत फिरत घरच्या ग्रुपवर आला आणि खाली भाच्याने लिहिलं, ‘रविवारी करून बघतो.’ म्हणून हे उत्तर. मेसेजचं म्हणणं असं: खरा कोयता एका घावात खिळा तोडतो, दगडावर मारला की ठिणगी पडते, जितका जड तितका चांगला, वर्तमानपत्र सरसर कापलं की धार पास. आणि धार टिकत नसेल तर गॅसवर लाल करून पाण्यात बुडवा, ‘पुन्हा नवा’.

शेवटचंच आधी घेतो, कारण त्यात डोळा जायचा.

गाडीच्या पाट्याच्या पोलादात साधारण 0.5 ते 0.6 टक्के कार्बन असतो. ते कडक व्हायला पातं 830 ते 850 अंश सेल्सिअसपर्यंत सगळीकडून सारखं तापावं लागतं. लोहचुंबक चिकटायचा थांबतो तो सुमारे 770 अंशांना, म्हणजे त्याच्याही वर जावं लागतं. घरच्या शेगडीवर पाच-सहा मिलिमीटर जाड पाठीचं पातं तिथवर जात नाही. कडा लालसर होते, पाठ काळीच राहते आणि लोहाराने दिलेलं पाणी, म्हणजे धारेचा कडकपणा, तेवढं उतरतं. मग लाकडाच्या पहिल्याच गाठीवर धार दुमडते.

कोणी भट्टीत खरंच तेवढं तापवलं तर आणखी वाईट. हे पोलाद तेलात विझवायचं, म्हणजे बुडवून एकदम थंड करायचं. पाण्यात ते इतक्या झटक्याने थंड होतं की कडेला केसाएवढ्या चिरा जाऊ शकतात. शिवाय पुढची पायरी मेसेजमध्ये नाहीच! नुसतं विझवलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. ते 200 ते 220 अंशांवर तास-दोन तास, असं दोनदा तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. घासून चकचकीत केलेल्या जागी गवती पिवळा रंग आला की बेताचं झालं. धारेवर निळा आला तर ती नरम पडली. हे न करता वाळक्या बाभळीवर घाव घातला की कपचा उडतो, थेट तोंडाकडेही.

पाण्याबद्दल एवढं मात्र मान्य. नेपाळातले कामी, म्हणजे लोहार, पाट्याचीच खुकरी करतात आणि पाणीच वापरतात. पण ते पातं बुडवत नाहीत. किटलीच्या तोटीतून फक्त कडेवर पाणी फिरवतात. पाठीत उरलेली उष्णता मग कडेकडे येऊन तिचा ठिसूळपणा उतरवते. हे वर्षानुवर्षांच्या हाताचं काम आहे, स्वयंपाकघरातलं नव्हे.

खिळा? साधा खिळा नरम लोखंडाचा असतो. छिन्नीसारखी बोथट, जाड कड ठेवली तर बेताचं पातंही तो तोडेल. त्यात पोलादापेक्षा धारेचा कोन जास्त दिसतो, आणि कामाची बारीक धार मात्र फुकट जाते. दगडावरच्या ठिणगीनेही धारच फुकट जाते, त्यापेक्षा कडेवर नवी कानस हलकेच फिरवा. लोण्यात गेल्यासारखी घुसली तर पाणी दिलेलंच नाही. जडपणाबद्दल काय बोलायचं, अर्ध्या तासात मनगटच सांगेल.

वर्तमानपत्राची खूण अर्धी खरी आहे, फक्त वेळ चुकली. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या पाती घडवणाऱ्यांच्या संस्थेच्या जर्नीमन (शिकाऊच्या पुढची पायरी) परीक्षेत आधी टांगलेला एक इंची दोर एका घावात कापायचा, मग दोन-बाय-चार इंची फळी दोनदा तोडायची, आणि *त्यानंतर* त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी पातं शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून 90 अंश वाकवतात. खिळा कुठेच नाही.

घरी एवढं पुरे: मनगटाएवढी वाळकी फांदी ओंडक्यावर ठेवा, पाय मागे, समोर कोणी नको. घाव आडवा नको, दोन्ही बाजूंनी तिरपा, खाच फांदीच्या जाडीएवढी रुंद. एखादी गाठही तोडा. मग धार दिव्याखाली धरा. चमकणारा ठिपका दिसला तर तिथे धार दुमडली, खाच दिसली तर कपचा गेला. काहीच नसेल तर आता कापा वर्तमानपत्र.

ज्यांनी आधीच लाल करून बुडवलाय, त्यांनी तो कोयता वापरू नये. पातं थंड असताना, आग जवळ नसताना त्यावर रॉकेल चोळा, कोरडं पुसा, वर खडूची पूड भुरभुरा आणि थोडं थांबा. चीर असेल तिथे ओली रेघ उमटते. अशी रेघ कडेला आडवी गेलेली दिसली तर पातं भंगारात. नसली तरी मूठ काढून लोहाराकडे न्या आणि पाण्यात बुडवला होता हे त्याला आधीच सांगा.