हवा सोडली की ट्रक टो होत नाही? तो मेसेज पुढे पाठवू नका

काल रात्री मामेभावाने तो मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, आता आपली गाडी कोण उचलतो बघतोच." तो रोज ट्रक चालवतो, म्हणून गप्प बसवेना. मेसेज थोडक्यात असा: पार्क करताना ब्रेकच्या टाकीतली सगळी हवा सोडा, ब्रेक जाम होतात आणि ट्रक जागचा हलत नाही, भरलेला ट्रक टो करताच येत नाही, ड्रायव्हर केबिनमध्ये असेल तर कोणी हात लावू शकत नाही, न्यूट्रलमध्ये ओढला तर गिअरबॉक्सला काही होत नाही, आणि तरीही हुक लावलाच तर इंजिन चालू करून गाडी पुढे काढा, हुक आपोआप सुटतो.

शेवटचं आधी घेतो, कारण त्यात माणूस मरेल. हुक लावताना टोवाला कुठे असतो? गाडीखाली. साखळी बांधत असतो, नाहीतर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांना फिरवणारा दांडा) खोलत असतो. अशा वेळी तुम्ही चावी फिरवलीत तर चाकाखाली तोच येणार. आणि शाफ्ट आधीच खोललेला असेल तर अजून वाईट, कारण मग इंजिनचा आणि चाकांचा संबंधच तुटलेला असतो, गिअर टाकून गाडी पुढे जात नाही आणि गिअरवर उभीही राहत नाही. तुम्ही इंजिन चालू ठेवून ब्रेकची हवा भरू दिली, हँडब्रेक सोडला, जरासा उतार असला की एवढं धूड मोकळं सुटतं. हे लिहिणाऱ्याने कधी ट्रकखाली डोकं घातलंय का?

हवेचं अर्धं खरंय, ते मान्य. एअर ब्रेकच्या गाडीत प्रेशर साधारण १०० ते १२५ पीएसआय असतं, ते २० ते ४५ च्या आसपास उतरलं की ब्रेक चेंबरमधल्या (चाकाजवळच्या ब्रेकच्या डब्यातल्या) स्प्रिंगा ब्रेक पूर्ण आवळतात. पण टोवाल्याला हे तुमच्याआधी माहीत असतं. तो स्वतःच्या गाडीतून होज लावून हवा देतो, ब्रेक सुटतात. लाईन लीक असेल तर चेंबरचा बोल्ट आवळून स्प्रिंग मागे ओढून ठेवतो. मग हवा सोडून उपयोग काय झाला? आणि कृपा करून तो चेंबर स्वतः उघडायला जाऊ नका, आतल्या स्प्रिंगने माणसं मेलीत.

भरलेला ट्रक टो होत नाही म्हणे. होतो, त्यासाठीच मोठे रेकर, म्हणजे टोइंगच्या क्रेनगाड्या असतात. माल दुसऱ्याचा आहे म्हणून अडवलेला रस्ता मोकळा होत नाही. तुम्ही एवढंच करा, मालवाल्याला लगेच कळवा आणि मालाच्या दाराला लावलेल्या सीलचा नंबर लिहून ठेवा.

केबिनमध्ये बसण्याचं म्हणाल तर माणूस आत असताना गाडी उचलणं धोक्याचंच, बरेच जण थांबतातही. पण तुम्ही आत आहात तर हुक लागायच्या आधीच गाडी काढा ना.

खरा भांडायचा मुद्दा गिअरबॉक्सचा आहे आणि तिथेच मेसेज उलटं सांगतो. मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढलं की शाफ्ट फिरतो आणि गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरवतो, पण इंजिन बंद, आतले बाकीचे गिअर थांबलेले, त्यामुळे ऑइल वर चढत नाही. न्यूट्रल असूनही बेअरिंग कोरडी फिरून जळतात. तुमच्या ट्रकच्या मॅन्युअलमधलं टोइंगचं पान काढा, चाकं जमिनीवर राहणार असतील तर शाफ्ट काढायलाच सांगितलेलं असतं. टोवाल्याशी वाद घालायला त्या पानाइतका भक्कम कागद दुसरा नाही. म्हणून गाडी सोडवताना सही करायच्या आधी खाली वाका. शाफ्ट काढला होता का, विचारा. काढला असेल तर सगळे बोल्ट परत बसलेत का ते हात लावून बघा, चेंबरचे बोल्ट सोडलेत का बघा (ते आवळलेलेच राहिले तर त्या चाकांना पार्किंग ब्रेक नाही!), ओडोमीटरचा आणि साखळीच्या खुणांचा फोटो घ्या. पावतीवर काय तुटलंय ते तिथेच लिहून घ्या, घरी येऊन फोन केलात तर कोणी ऐकत नाही.

भावाला सकाळी फोन करून एवढंच सांगितलं. मॅन्युअल केबिनमध्येच आहे म्हणाला, अजून उघडलं नव्हतं.