कारण अगदीच अज्ञात नव्हते

१९ मे १७८० रोजी अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडवर भरदुपारी पसरलेल्या अंधाराचे कारण एकविसाव्या शतकापर्यंत कोणालाच उमगले नव्हते, हे त्या दिवसावरील लेखातील विधान मला पटत नाही. साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर काळा थर आला होता आणि त्याला जळक्या पानांसारखा वास येत होता, अशा नोंदी त्याच काळातील लोकांनी करून ठेवल्या आहेत. म्हणजे वणव्याचा संशय तेव्हाही होता, कॅनडाच्या ऑन्टारिओतील झाडांच्या वाढवलयांमधील (खोडात दरवर्षी उमटणाऱ्या वर्तुळांमधील) भाजल्याच्या खुणांनी त्याला नंतर पुष्टी दिली इतकेच. (पौर्णिमा नुकतीच होऊन गेल्याने सूर्यग्रहणाचा प्रश्नच नव्हता, हे पंचांग पाहणाऱ्यांना सांगायला नको.)

जून २०२३ मध्ये कॅनडातील वणव्यांचा धूर आमच्या न्यू जर्सीत उतरला, तेव्हा दुपारीच स्वयंपाकघरातला दिवा लावावा लागला होता. पण कारण फोनवर दिसत असल्यामुळे कोणी घाबरले नाही. ती सोय नसलेल्या माणसांना लेखकाने सरसकट ‘अंधश्रद्धाळू’ म्हणावे, हे अन्यायाचे वाटते. न्यू इंग्लंडमधीलच कनेक्टिकटमध्ये त्या दिवशी अंधारामुळे विधिमंडळाची सभा तहकूब करण्याची सूचना आली असता, प्रलय आला नसेल तर थांबण्याचे कारण नाही आणि आला असेल तर मी कर्तव्य करताना सापडलेला बरा, असे सांगून मेणबत्त्या मागवणारे तेथील सदस्य अब्राहम डेव्हनपोर्ट त्यांच्यापैकीच एक होते, आणि लेखात त्यांचा साधा उल्लेखही नाही.